कावळ्यानं वाट पाहिली नाही

मावशी, तुझा कावळा अगदीच बेशिस्त निघाला.

आज तुझा दहावा केला. सॅमामिश तळ्याकाठच्या पार्कात आम्ही मोजकीच माणसं जमलो होतो. 'पक्ष्यांना खायला घालू नये' अशी पाटी आहे तिथं. तिच्याकडे पाठ करून जोशीकाकांनी पाट मांडला. जन्मभर बँकेत नोकरी करून मुलाकडे रेडमंडला आले आणि बघता बघता इथल्या महाराष्ट्र मंडळाचे भटजी होऊन बसले ते जोशीकाका, ज्यांना तू तोंडावर 'पार्टटाइम पुरोहित' म्हणायचीस. बारीक पाऊस होता. तुझ्या जावयानं, अभयनं, माझ्या डोक्यावर छत्री धरली, मी भाताचा पिंड ठेवला, काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "आता सगळे जरा मागे व्हा. आणि घाई करू नका, कधीकधी तासभरसुद्धा लागतो."

आम्ही मागे होईपर्यंतही त्यानं दम धरला नाही. पार्किंग लॉटमधून एक गलेलठ्ठ कावळा आला आणि पिंडाला शिवतोय कसला, अर्धा पिंड घेऊनच गेला. मागोमाग त्याची सगळी मंडळी आली. फ्रेंच फ्राइजवर वाढलेले कावळे ते, त्यांना आपल्या रीती कुठून ठाऊक असणार! पण काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "समाधानानं गेल्या हो डॉक्टर. काही म्हणून इच्छा मागे राहिली नव्हती." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी मात्र, मावशी, तिथं उभी राहून तुझ्यावर चिडले होते.

कारण मी एक वाक्य तयार करून आले होते. मी मनात सगळं ठरवलं होतं. कावळा झाडावर रुसून बसणार. काका म्हणणार, त्यांच्या काँगोतल्या हॉस्पिटलला मदत चालू ठेवू. कावळा ढिम्म. अभय म्हणणार, घरातली झाडं जगवू. तरी ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघणार आणि मी पुढे होऊन म्हणणार, "मावशी, गुरुवारी तो माणूस येतोय. मी त्याला विचारीन." मग कावळा येणार. गेली कित्येक वर्षं तू माझ्याकडून हे एकच मागत होतीस आणि मी देत नव्हते. निदान दहाव्याला तरी माझ्या तोंडून निघालं असतं. तू तेवढीही संधी दिली नाहीस. जिवंतपणी माझं वाक्य अर्ध्यात तोडायचीस ते तोडायचीस, गेल्यावरही तेच.

मी इथं अमेरिकेत आले तेव्हा, म्हणजे २००१ साली, तू मला विमानतळावर घ्यायला आली होतीस. आईची धाकटी बहीण, टॅकोमाला डॉक्टर, लग्न न केलेली, एवढंच मला तुझ्याबद्दल माहीत. आई तुझ्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायची, त्यामुळे मी लहानपणापासून तुला थोडी घाबरूनच होते. तू माझी बॅग उचललीस, गाडी फ्रीवेवर घातलीस आणि इंडिकेटर न देता एकामागून एक लेन बदलत सुटलीस. मी सीटची कड धरून बसले होते. "मावशी, इंडिकेटर?" मी म्हटलं. "मी कुठं जाते ते या लोकांना कशाला सांगू?" तू म्हणालीस. आणि त्याच दमात सांगितलंस की पुढच्या महिन्यात तू बुकावूला जाणार आहेस, काँगोत.

"सफारीला?" मी विचारलं.

"बाळंतपणं करायला," तू म्हणालीस. "आणि फाटलेलं शिवायला."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. अत्याचारानं फाटलेली बायकांची शरीरं, हे नंतर कळलं. तू आमच्या घरी बसून पोहे खात होतीस आणि मी तुझ्या हातांकडे बघत होते.

त्या पोह्यांच्या बशीतच तू मला तो देश शिकवलास. आठवतं? ताकाची वाटी म्हणजे किवू सरोवर. वाटीच्या या अंगाला बुकावू, त्या अंगाला शेजारचा देश. लिंबाच्या फोडी म्हणजे डोंगर. आणि राजधानी किन्शासा कुठं, असं मी विचारलं, तेव्हा तू उठून गेलीस आणि पार फ्रिजवर मिठाची बरणी ठेवून आलीस. "तिथं. मधे रस्ता नाही. मंत्री तिथं बसतात, आणि इथल्या माणसाला ते कधी दिसत नाहीत." मग तू लिंबाच्या प्रत्येक फोडीजवळ एकेक शेंगदाणा ठेवलास. ज्याची बंदूक त्याचा डोंगर. शेजारच्या देशांची सैन्यं, त्यांनी पोसलेले बंडखोर, गावरक्षक म्हणून उभे राहिलेले आणि मग गावालाच लुटणारे, आणि पगार न मिळालेलं सरकारी सैन्य. सगळ्यांचे आपापले नाके. डोंगरातून काळी रेती पाठीवर घेऊन उतरणाऱ्यानं प्रत्येक नाक्यावर काहीतरी द्यायचं. "आणि बाईकडे द्यायला काही नसलं तर?" मी विचारलं. तू बशी उचलून सिंकमध्ये ठेवलीस.

त्या काळ्या रेतीला तिथं कोल्टन म्हणतात. तिच्यातून टँटलम नावाचा धातू निघतो आणि त्याचे तांदळाच्या कणीएवढे, वीज साठवणारे कपॅसिटर बनतात. हे मी तुला सांगितलं, की तू मला? रेती तुला माहीत होती आणि कणी मला. मी फोनचे सर्किट बोर्ड डिझाइन करते. एकेका बोर्डावर असल्या कण्या मी स्वतः बसवते. त्या दिवशी आपण दोघींनी मिळून ते जोडलं. मग मी तुला सांगितलं, की इथं यायच्या आदल्या हिवाळ्यात पुण्याच्या आमच्या कंपनीत नुसता हाहाकार होता. जगात कुठंच ते कपॅसिटर मिळेनात, भाव आभाळाला टेकलेले, आमचे साहेब फोनवर ओरडून ओरडून आवाज बसवून घेत होते. काही महिन्यांनी भाव धाडकन आपटले आणि आम्ही पेढे वाटले.

तू हातातला कप खाली ठेवलास. त्याच हिवाळ्याबद्दल तुला बुकावूत सगळे सांगत होते. शेतं सोडून, गुरं विकून माणसं डोंगरात खणायला पळाली होती. मागोमाग बंदुकाही आल्या. भाव आपटले तेव्हा माणसांकडे ना शेत उरलं होतं ना रेतीला गिऱ्हाईक, पण बंदुका मात्र गेल्या नाहीत. "म्हणजे तुझे साहेब इकडे ओरडत होते," तू म्हणालीस, "आणि ते तिकडे ऐकू गेलं." हे वाक्य तू चिडून म्हणाली नव्हतीस. उलट कोडं सुटल्यावर होतो तसा तुझा चेहरा झाला होता.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. आपलं भांडण म्हणजे घरात एक जास्तीचं माणूस राहायला आल्यासारखं होतं. दिवाळीला असायचं, माझ्या लेकीच्या, रेवाच्या वाढदिवसाला असायचं, तुझ्या त्या कडू कॉफीबरोबर तर हमखास. तुझं म्हणणं सोपं होतं. कपॅसिटर विकणारा माणूस तुमच्याकडे येतो ना? त्याला विचार, हे टँटलम कुठल्या डोंगरातून आलं.

"मावशी, अगं मी डिझाइन करते. खरेदी करणारी माणसं वेगळी असतात."

"पण पार्ट कोण सिलेक्ट करतं?"

"मी. पण त्यात भाव बघतात, लीड टाइम, म्हणजे माल किती दिवसांत हातात येतो ते बघतात, हीटमध्ये टिकतो का ते बघतात. डोंगर कोणी बघत नाही."

"तेच तर म्हणते मी."

मी काही मुकाट ऐकून घेणारी नव्हते. मी वाचायला लागले होते, आणि माझ्याकडेही मुद्दे होते. सगळ्या कंपन्यांनी तिथला माल घेणं बंद केलं तर त्या खणणाऱ्यांनी खायचं काय? इथं बसून आपण हात स्वच्छ करून घेणार आणि उपाशी मरणार ते. यावर तू चक्क माझी पाठ थोपटलीस. "बरोबर आहे तुझं. फुराहाही हेच म्हणते. मी कुठं बंद करा म्हणते? मी विचारा म्हणते. ज्या मालाबद्दल कोणी विचारत नाही, तो कोणीही लुटावा. विचारणारं कोणी आहे असं कळलं, की नाक्यावरचा माणूससुद्धा जरा इकडेतिकडे बघतो."

फुराहाबद्दल मी किती ऐकलं असेन! तुझ्या हॉस्पिटलचं स्वैपाकघर सांभाळणारी फुराहा. तिचा नवरा कोल्टन खणायला डोंगरात गेला तो परत आला नाही. गावावर बंदूकवाले आले, ते गेल्यावर ती हॉस्पिटलात आली. तिच्यावर काय गुदरलं ते तू कधीच सांगितलं नाहीस. "ती माझी पेशंट होती. तेवढं पुरे." सांगायचीस ते वेगळंच. ती कशी हसते, तुझ्या स्वाहिलीची नक्कल कशी करते, शेंगदाण्याची चटणी तिला कशी आवडली आणि तिनं त्यात कांदा घालून तिची कशी वाट लावली. कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या झाडाच्या पाल्याची सोंबे नावाची भाजी तिनं तुला शिकवली. शेंगदाणे घालून करतात. तू इथं पालकाची करून मला वाढलीस तेव्हा मी म्हटलं, "हे तर आपलं अळूचं फदफदं!" तू इतकी खूश झालीस, की तिथं फोन लावून फुराहाला ते सांगितलंस. तिला काय कळलं कोण जाणे, पण पलीकडून हसण्याचा आवाज मला ऐकू आला.

आणि तो फोन! मी डिझाइन केलेला पहिला फोन बाजारात आला तेव्हा मी पहिला तुला दिला होता. तू तो उलटापालटा करून बघितलास, आतल्या कण्या कुठं आहेत ते विचारलंस, आणि मला वाटलं, आता प्रवचन. पण तू माझ्या गालाचा पापा घेतलास. "आपल्या घराण्यात पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी बनवलं. आम्ही सगळे नुसते दुरुस्तीवाले." पुढच्या खेपेला तो फोन तू फुराहाला देऊन आलीस. मी फुरंगटून बसले होते आठवडाभर.

मग तो २००४ चा उन्हाळा. बंडखोर सैनिकांनी बुकावू शहरच ताब्यात घेतलं तेव्हा तू आत होतीस. इथं टीव्हीवर दिवसरात्र इराक. तुझ्या गावाचं नावही कोणी घेत नव्हतं. मी कॉम्प्युटरवर कुठल्या कुठल्या बातम्या शोधत होते आणि अभय मला जेवायला बोलावत होता. फोन लागत नव्हते. आईला पुण्यात काय सांगायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी खोटंच सांगितलं की तू सुखरूप आहेस. आणि मग ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, अनोळखी नंबरवरून फोन. मी बाहेर धावले.

"मिने, माझ्या कुंड्यांना पाणी घालतेयस ना?"

"मावशी! कुठं आहेस तू? ठीक आहेस का?"

"पलंगाखाली आहे. जेरेनियमला रोज नको घालूस, कुजेल."

तो फुराहाचा फोन होता. म्हणजे माझाच. तू परत आल्यावर मी तोच मुद्दा तुझ्यावर उगारला. बघ, ज्या फोनला तू नावं ठेवतेस त्यानंच तुझा आवाज माझ्यापर्यंत आला. फुराहाही तो जिवापाड जपते. मला वाटलं, जिंकले. तू शांतपणे म्हणालीस, "म्हणूनच. वाईट वस्तू असती तर मी फेकून दे म्हटलं असतं. चांगली आहे, म्हणून विचार म्हणते."

मंडळाच्या गणपतीत तुला बोलायला बोलावलं होतं, ते आठवून मला अजून हसू येतं आणि लगेच बंदही होतं. मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि जेवण यांच्या मधल्या फटीत तुला बसवलं होतं. तू माइक हातात घेतलास आणि म्हणालीस, "सगळ्यांनी आपापले फोन वर करा." लोकांना वाटलं गेम आहे. सगळे हात वर गेले. "यातल्या प्रत्येकात एक कण त्या डोंगरातला असेल. नसेलही. मला ठाऊक नाही, मी डॉक्टर आहे. पण इथं बसलेले तुम्ही निम्मे लोक हेच बनवता. तुम्हाला ठाऊक आहे का?" हॉलमध्ये कोणाचा तरी फोन वाजला. मग मागून एक जण म्हणाला, "मावशी, खूपच छान, रिअली आय-ओपनिंग. पण मसालेभात गार होतोय." सगळे हसले. तूही हसलीस, आणि पहिलं पान तूच वाढून घेतलंस. घरी येताना गाडीत मी चिडून त्या सगळ्यांना शिव्या देत होते. तू म्हणालीस, "अगं, त्यांना राग आला नाही, झोप आली नाही, नुसती भूक लागली. चांगली माणसं आहेत. फक्त कोणी पहिला प्रश्न विचारत नाही म्हणून दुसराही विचारत नाही." आणि इंडिकेटर न देता वळलीस.

२००६ ची निवडणूक तू तिथं पाहिलीस. पहाटेपासून रांगा, त्यात तुझ्या वॉर्डातल्या बायकाही, काही अजून नीट चालू न शकणाऱ्या. फोनवर तुझा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मिने, फुराहानं शाई लावलेलं बोट मला दाखवलं. ते बोट घेऊन ती दिवसभर फिरतेय." मला वाटलं, संपलं एकदाचं. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी किवूच्या उत्तरेला पुन्हा लढाई पेटली. ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांना शांततेच्या करारात खुर्च्या मिळाल्या, खुर्ची मिळाली नाही त्यांनी पुन्हा बंदूक घेतली, आणि आता टिनच्या खनिजाला भाव आला होता. डोंगर तेच, फक्त दगड बदलला. त्या हिवाळ्यात तू परत आलीस ती खूप वाळून. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा. तू म्हणालीस, "डॉक्टर कशाला, मीच आहे की." तुझ्यासारखी वाईट पेशंट मी पाहिली नाही.

आणि आपलं शेवटचं भांडण. तुझ्या स्वैपाकघरात, या फेब्रुवारीत. आमच्या ऑफिसात माणसं कमी करणार असल्याच्या अफवा होत्या. माझं ग्रीन कार्ड अजून लटकलेलं. नोकरी गेली तर सात वर्षांचा संसार गुंडाळून परत जायचं, रेवाला धड मराठी वाचताही येत नाही. मी तुला म्हटलं, "मावशी, यार, आत्ता नको. ग्रीन कार्ड हातात येऊ दे, मग विचारते. प्रॉमिस."

"ग्रीन कार्डानंतर सिटिझनशिप," तू म्हणालीस. "मग घराचं लोन. मग रेवाचं कॉलेज."

"तुला बोलायला काय जातं? तू सिटिझन आहेस, सिंगल आहेस, तुला कोणाची काळजी आहे?"

हे मी फार मोठ्यानं म्हणाले. तू चिडली नाहीस. रेवाच्या डब्यासाठी लाडू बांधत होतीस, ते बांधत राहिलीस. हात न थांबवता म्हणालीस, "मला सगळ्यांचीच आहे, गं. तीच तर पंचाईत आहे." मग लाडवांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणालीस, रविवारी इडलीला येते. जाताना मी तुला मिठी मारली, हे मला पक्कं आठवतं. मी रोज आठवून खात्री करून घेते.

रविवारी तू आली नाहीस. इडल्या गार झाल्या तेव्हा अभय गाडी घेऊन निघाला. पुढचं तुला सांगायची गरज नाही. एवढंच सांगते, की तू खुर्चीत बसली होतीस आणि कॉफी अर्धी प्यायलेली होती, आणि तुझ्या चेहऱ्यावर घाबरल्याची एकही खूण नव्हती असं अभय म्हणतो. रेवानं विचारलं, "Who will fight with Aai now?" मला रडू तेव्हा फुटलं.

फुराहाला मी फोन केला. तिचं फ्रेंच मला येत नाही, माझं इंग्रजी तिला. मी तुझं नाव घेतलं आणि तिला कळलं. ती रडली, मग काहीतरी गुणगुणली, मी फोन कानाला लावून बसून राहिले. तुझ्याआधी मला त्या देशात कोणी ओळखीचं नव्हतं. जगाच्या नकाशावर आता माझं एक माणूस आहे, आणि ते तू मला दिलंस. घर, मार्गदर्शन, पहिल्या थंडीतला कोट, माझ्या बाळंतपणातली तुझी जाग्रणं, हे सगळं आहेच. पण सगळ्यात मोठं हे. मी तुला कधी तसं म्हटलं नाही. मी वाद घालत राहिले, आणि मला वाटतं तू त्यातूनच ते ओळखलं होतंस.

इथवर परवा संध्याकाळी लिहिलं होतं. आज गुरुवार आहे.

सकाळी मी पालकाची सोंबे केली आणि डब्यात भरून ऑफिसला नेली. कपॅसिटर विकणारा तो माणूस आला. हसरा, गोरा, दरवेळी सगळ्यांसाठी डोनट आणणारा. पडद्यावर चित्रं सरकू लागली. भाव. लीड टाइम. हीटमध्ये किती टिकतो. माझी मॅनेजर कॅरल पेन फिरवत होती. मला वाटत होतं, कावळा शिवलाय, तू समाधानानं गेली आहेस, मी कोणाला काही कबूल केलेलं नाही. गप्प बसले तर मला कोणीही विचारणार नाही. "काही प्रश्न?" तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"यातलं टँटलम कुठून येतं?" मी विचारलं.

"आमच्या धातू गाळणाऱ्या स्मेल्टरकडून. उत्तम क्वालिटी आहे."

"आणि स्मेल्टरकडे कुठून? कुठल्या खाणीतून?"

तो हसला, मग हसू जागच्या जागी राहिलं. "खरं सांगू," तो म्हणाला, "हे मला आजवर कोणी विचारलं नाही. मी परत जाऊन विचारतो आणि तुम्हाला फोन करतो." त्याला राग आला नव्हता. तू म्हणाली होतीस तसंच, मावशी. कोणी पहिला प्रश्न विचारलाच नव्हता.

बाहेर पडल्यावर कॅरलनं मला थांबवलं. "पुढच्या वेळी असं काही विचारायचं असेल तर मला आधी सांग," ती म्हणाली. मी मान हलवली. ती दोन पावलं गेली आणि वळली. "आणि उत्तर आलं की मलाही सांग." माझी नोकरी राहिली की गेली, ते यावरून मला अजून कळलेलं नाही. मी जागेवर येऊन डबा उघडला आणि सोंबे खाल्ली. मीठ कमी पडलं होतं.

आता माझ्या लक्षात येतंय, परवा मला एवढा राग का आला ते. तो कावळा झाडावर अडून बसला असता, तर मी तुला वचन दिलं असतं, आज एकदा विचारलं असतं आणि हात झटकून मोकळी झाले असते. तुझी इच्छा पुरी झाली, विषय संपला. पण तू माझ्याकडून काहीच कबूल करून घेतलं नाहीस. आजचा प्रश्न तुझ्यासाठी विचारलेला नव्हता, तो माझा मी विचारला. आणि स्वतःच्या प्रश्नातून सोडवायला कुठला कावळा येत नाही.

त्यानं फोन करतो म्हटलंय. सोमवारपर्यंत नाही आला, तर मी करीन.